भिडू पाहिजे

बोरीवली हे पुष्कळांच्या लेखी गाव नव्हेच. ती गाडीच्या कपाळावरची एक पाटी आहे. चर्चगेटच्या फलाटावर ती पाटी झळकली की माणसे धावू लागतात, खिडकी मिळाली की निवतात आणि पुढचा तासभर मान टाकून झोपी जातात. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅक बेकडे पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हाही ती बोरीवलीला थांबत होती. पण मुंबईत मोजले जाण्यासाठी या गावाला 1957 सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी बृहन्मुंबईची वेस दहिसरपर्यंत सरकली. तेव्हापासून नोकरी तिकडे आणि बिऱ्हाड इकडे असा इथल्या माणसाचा संसार आहे. इथे जागा महाग आहे असे जो तो सांगतो. माझ्या मते जागेहूनही महाग आहे ती संध्याकाळ.

हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. गेला सबंध पावसाळा मी एक भिडू शोधत बोरीवलीभर हिंडत होतो.

भिडू म्हणताच पत्ते, कॅरम किंवा बॅडमिंटन डोळ्यांपुढे येईल. आमचा खेळ जरा निराळा आहे. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बाभई नाक्याजवळच्या एका घरात पाच माणसे टेबलाभोवती बसतात. टेबलावर पाच कागद, शिसपेन्सिली, चहाचे कप आणि मूठभर फासे. पाचांतला एक सूत्रधार. आमच्याकडे हे काम अंधेरीच्या एका कचेरीत हिशेब तपासणारी एक तरुण बाई करते. ती सांगू लागते, "रात्र आहे. धुके पडले आहे. धक्क्याला एक नाव लागली आहे, पण नावेत माणूस नाही. काय करता?" उरलेल्या चौघांनी एकेक पात्र घेतलेले असते. कोणी नावाडी, कोणी वैदू, कोणी पळून आलेला शिपाई. ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून सांगायचे: मी नावेत उतरतो, मी दिवा विझवतो, मी मागच्या मागे पळ काढतो. सोपे काम असेल तर ते झाले. अवघड असेल तर वीस पैलूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर साधले, लहान पडला तर फसले. आणि मौज अशी की गोष्ट बहुधा फसण्यातूनच रंगते. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. साडेआठला पेन्सिली खाली ठेवायच्या आणि पुढच्या शनिवारी तिथूनच पुढे निघायचे.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. पटावर सैन्ये मांडून लढाया खेळणारी हौशी मंडळी तिकडे होती. 1969 मध्ये मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली याने अशा एका डावात प्रत्येकाच्या हाती पलटण न देता एकेक व्यक्ती दिली. त्याच गोतावळ्यातल्या डेव्ह आर्नेसनने ती कल्पना पुढे नेली. आणि लेक जिनीव्हा या विस्कॉन्सिनमधल्या लहानशा गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सच्या जोडीने 1974 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाची पेटी बाजारात आली. आत तीन पातळ पुस्तिका होत्या आणि पहिल्या छपाईच्या प्रती होत्या अवघ्या हजार. आज जगभर हा खेळ आणि त्याची भावंडे खेळली जातात.

मराठी माणसाने मात्र यात फार अचंबा मानण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळींपाशी लिहिलेली संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे ते ठरते, राजा कोण, राक्षस कोण, ऋषी कोण हे वाटून दिले जाते, आणि रंग लावून उभा राहिलेला नट पहाटेपर्यंत स्वतःच्या जिभेवर राज्य चालवतो. समोरचा काय बोलेल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तर तो कान देऊन ऐकतो. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की आम्हांला रंग नाही, प्रेक्षक नाहीत आणि पहाटेपर्यंत जागण्याची ताकद नाही.

तर अशा आमच्या पाचांतले दोघे एप्रिल-मेमध्ये गेले. एक संगणकवाले गृहस्थ बायकामुलांसह कॅनडाला गेले. दुसरे शाळामास्तर. त्यांची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि ते नालासोपाऱ्याला भाड्याच्या घरात गेले. नालासोपारा काही कॅनडा नव्हे; पण शनिवारी रात्री नऊ वाजता बोरीवलीहून विरार गाडीत शिरण्याचा ज्याला अनुभव आहे, तो दोन्ही अंतरे सारखीच मानील.

उरलो तिघे: सूत्रधार बाई, मी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. तिघांत हा खेळ होत नाही असे नाही. पण एक सांगणारा आणि दोघे करणारे म्हटले की कोणालाच गप्प बसून ऐकण्याची सवड राहत नाही. दोघांच्या बोलण्याला गोष्ट म्हणत नाहीत, व्यवहार म्हणतात. दोन शनिवार आम्ही खेळ रद्द केल्याचा निरोप धाडला. तिसऱ्या शनिवारीही धाडला. तरी काका ठरल्याप्रमाणे पावणेसहाला दारात उभे. "निरोप मिळाला. पण पाय इकडेच वळले," एवढे बोलून त्यांनी चहा घेतला, पेन्सिलीला उगाच टोक केले आणि गेले. काकूंना जाऊन तीन वर्षे झाली आहेत आणि मुलगा बंगळुरात असतो. त्यांनी एका शब्दाने काही म्हटले नाही. पण त्या संध्याकाळी सूत्रधार बाई आणि मी दोघांनीही मनाशी ठरवले की भिडू मिळालेच पाहिजेत.

आता बोरीवलीत माणसांना तोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. मी पूर्वेकडून सुरुवात केली. स्थानकातून पूर्वेला बाहेर पडून द्रुतगती महामार्गाकडे गेले की राष्ट्रीय उद्यानाचे दार लागते. आत सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगल आहे, बिबटे आहेत आणि सकाळी सहा वाजता बिबट्यांना न भिणारी निवृत्त माणसे आहेत. हसण्याचे मंडळ, योगासनांचे मंडळ, नुसतेच राजकारणावर बोलणाऱ्यांचे मंडळ. मी तिघाचौघांना खेळ समजावून सांगितला. सर्वांनी उत्साहाने ऐकले आणि सर्वांनी एकच प्रश्न विचारला, "यात जिंकतो कोण?" कोणीच नाही, म्हटल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "मग गुण कशाचे लिहिता?" त्यांच्या प्रश्नात खोट नव्हती. आयुष्यभर ज्यांनी गुण मिळवले आणि मुलांकडून मिळवून घेतले, त्यांना गुणांवाचूनचा खेळ म्हणजे विनापगारी नोकरी वाटणारच.

तरुणांची गोष्ट उलटी. त्यांना खेळ समजावून सांगावाच लागला नाही. 2016 मध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या आरंभीच चार मुले हा खेळ खेळताना दिसतात. शिवाय पट्टीचे नट टेबलाभोवती बसून तो खेळतात आणि लाखो लोक पाहतात, असेही कार्यक्रम निघाले आहेत. त्यामुळे आमच्या दोन इच्छुक तरुणांना खेळण्यापेक्षा दिसण्याची घाई फार. एकाने तर आवाज बदलून बोलण्याची तयारी करून आणली होती. दोघेही एकेकदा आले. आपली पाळी आली की डोळे चमकत, दुसऱ्याची आली की खिशातला फोन चमके. पुढे एकाला क्लास लागला, दुसऱ्याला नोकरी.

भिडू कसे मिळतात याचा पहिला धडा मला गाडीत मिळाला. पश्चिम रेल्वेवरची भजनी मंडळे ठाऊक नाहीत असा उपनगरवासी विरळा. त्यांत नवा माणूस कसा शिरतो ते मी लक्ष देऊन पाहू लागलो. कोणी त्याला बोलावत नाही आणि कोणी त्याची परीक्षा घेत नाही. तो आपला दाराजवळ उभा राहून आठ-पंधरा दिवस ऐकतो. मग एके दिवशी टाळ धरणारा आलेला नसतो. कोणीतरी न बोलता टाळ त्याच्या हातात देतो. झाले, तो मंडळाचा. आमच्या लहानपणच्या अंगणातही हाच कायदा होता. नव्या किंवा लहान मुलाला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेत. तो धावे, ओरडे, पडे. पण त्याच्यावर राज्य येत नसे. मराठीने जगाला कोणते तत्त्वज्ञान दिले ते विद्वान सांगतील. कच्चा लिंबू ही मात्र आपल्या अंगणाने काढलेली फार शहाणी युक्ती आहे. आम्ही ठरवले की येईल त्याला पहिले दोन शनिवार कच्चा लिंबू करायचे. नियम सांगायचे नाहीत, कागद भरायला लावायचे नाहीत. त्याने फक्त ऐकायचे आणि वाटले तर बोलायचे.

पण ऐकायला यावे तरी का? याचे उत्तर पश्चिमेला मिळाले. 2022 पासून लिंक रोडवरून मेट्रो धावते आणि तिच्या स्थानकांच्या पाट्यांवर एकसर व मंडपेश्वर ही जुनी नावे आली आहेत. एका रविवारी सूत्रधार बाई, काका आणि मी अशी तिघांची स्वारी त्या दोन नावांच्या मागे निघाली. मंडपेश्वर हे सहाव्या शतकाच्या सुमाराचे शैव लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याचे चर्च केले. माथ्यावर त्यांच्या इमारतीच्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि खाली आज पुन्हा महादेवाची पूजा चालते. काका म्हणाले, "म्हणजे या लेण्यानेसुद्धा पात्रं बदलली म्हणायची." शेजारीच आय. सी. कॉलनी. तिथल्या एका ओळखीच्या ख्रिस्ती गृहस्थांनी आम्हांला खाऊपिऊ घातले आणि आमच्या खेळात येण्यास ठाम नकार दिला. त्यांचा शनिवार हाऊजीला वाहिलेला आहे.

तिथून आम्ही एकसरला आलो. एकसरचे वीरगळ पाहिले नसतील तर बोरीवलीकरांनी अवश्य पाहावेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड. महाराष्ट्रात ते गावोगाव आहेत. पण एकसरच्या दगडांवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नावा एकमेकींवर चालून जात आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटींत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा. सूत्रधार बाई बराच वेळ तळाच्या चौकटीपाशी उकिडव्या बसून होत्या. मग म्हणाल्या, "आपण इतके दिवस परदेशी किल्ल्यांच्या भुयारांत कशाला फिरतो आहोत?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी जुनी गोष्ट मिटली आणि नवी मांडली. आता आमच्या गोष्टीत खाडी आहे, मिठागरे आहेत, डोंगरात विहार आहे. हा विहार कल्पनेतला नव्हे. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांत भिक्षूंचे दगडी ओटे आहेत, पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत, आणि कल्याणच्या व सोपाऱ्याच्या दात्यांनी दाने दिल्याचे शिलालेख आहेत. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर, आमचे मास्तर ज्याच्या नव्या वस्तीत राहायला गेले तेच. बाईंच्या गोष्टीत सोपाऱ्याच्या एका सावकाराचे दान विहारापर्यंत पोचवायचे असते आणि वाटेत खाडीवर चाचे असतात. कोणते शतक, असे विचारू नये; खेळात शतके जरा सैल बांधलेली असतात.

या बदलाचा गुण लगेच आला. पूर्वी खेळ समजावून सांगताना माझा अर्धा वेळ परदेशी यक्ष-राक्षसांची ओळख करून देण्यात जाई. आता मी वझिरा नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात खोकल्याचे औषध घेता घेता नुसते एवढेच सांगितले की आमची नाव गोराईच्या खाडीत अडकली आहे, ओहोटी लागली आहे आणि मागून चाचे येत आहेत. दुकानातला तरुण बाटली हातात धरून म्हणाला, "मग भरती किती वाजता?" हा माणूस हवा, हे मला तिथेच कळले. एक आड एक शनिवारी त्याला सुट्टी असते. तो आला. त्याला वैदूचे पात्र द्यावे असा माझा विचार होता. त्याने हात जोडले. "दिवसभर औषधंच देतो हो सर. मला चोर करा."

दुसरा भिडू आम्हांला शोधत आला. सूत्रधार बाईंच्या शेजारी एक मालवणकडच्या काकू राहतात. त्या रिकामा डबा परत द्यायला आल्या, आणि खेळ चालू आहेसे पाहून दारातच थांबल्या. त्या वेळी आम्ही विहाराच्या पायथ्याशी होतो. वाटेवर एक पहारेकरी उभा होता आणि त्याला चुकवून कसे जायचे याचा खल अर्धा तास चालला होता. चोर म्हणत होता दगड मारू, मी म्हणत होतो थाप मारू. काकूंनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "त्या पहारेकऱ्याक जेवाक कोण घालता?"

टेबल गप्प झाले. सूत्रधार बाईंनी आपल्या कागदावर पाहिले. पहारेकऱ्याचे बळ किती, त्याच्या भाल्याची धार किती, हे सर्व तिथे होते. जेवणाचे काही नव्हते. त्या हसून म्हणाल्या, "काकू, तुम्हीच सांगा." काकू खुर्चीच्या कडेवर टेकल्या. म्हणाल्या, घरी म्हातारी आहे, तिचे डोळे गेले आहेत, आज डबा आलेला नाही. इतका वेळ पेन्सिल फिरवत बसलेले आमचे बँकवाले काका पुढे सरकले. त्यांचे पात्र म्हणजे पळून आलेला शिपाई. तो शिपाई पहारेकऱ्याजवळ जाऊन बसला, आपली भाकरी मोडून त्याला अर्धी दिली आणि बोलू लागला. पाच मिनिटे, दहा मिनिटे. एकट्याने जेवायला बसले की भाकरी कशी तोंडात फिरते ते त्याने सांगितले. हे शिपाई बोलत होता की काका, ते कोणी विचारले नाही. फासा टाकावा लागला नाही. पहारेकऱ्याने वाट दिली.

काकू आता दर शनिवारी येतात. लहानपणी जत्रेत रात्र रात्र दशावतार पाहिलेल्या बाईला खेळाचे नियम शिकवण्याची गरज पडली नाही. बेरीज मात्र चोर करून देतो.

असा खेळ आपल्या घरी मांडावा असे कोणाला वाटले, तर आम्हांला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी सांगतो. सूत्रधार धरून पाच-सहा माणसे पुरतात. आठ झाली की पाळी येईपर्यंत झोप येते. वार आणि वेळ पक्की ठेवावी, आणि एखादा आला नाही म्हणून खेळ मोडू नये. त्याचे पात्र त्या दिवशी तापाने फणफणले असे समजावे. नव्या माणसाला तयार पात्र द्यावे आणि पहिली बैठक तिच्यातच पुरी होईल एवढी आटोपशीर ठेवावी. कोणाला कशाचे वर्णन ऐकवत नाही, रक्ताचे म्हणा, लहान मुलाच्या मृत्यूचे म्हणा, ते आधी विचारून घ्यावे आणि ते गोष्टीत आणू नये. महागडी पुस्तके लागतात असा समज आहे. खेळाचे मूळ नियम आज फुकट मिळतात, आणि वीस पैलूंचा फासा नसेल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात घालाव्यात. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, खेळ येणारा माणूस शोधत बसू नये. "मग पुढे?" असे विचारणारा माणूस शोधावा. तो औषधाच्या दुकानात असतो, शेजारच्या दारात असतो, गाडीत आपल्याच खांद्यावर डुलक्या घेत असतो. त्याच्या ओळखीच्या खाडीत आपली नाव आणून लावली की तो चढतो.

दिवाळीच्या शनिवारी खेळाला सुट्टी द्यावी असा विचार निघाला होता. काकांनी तो मोडून काढला. फराळ सर्वांनी आणावा, परंतु चकली पात्राच्या कागदावर ठेवू नये, असा ठराव झाला आहे. नालासोपाऱ्याचे मास्तर त्या दिवशी पाहुणे म्हणून येणार आहेत. रात्री परत जाण्याऐवजी काकांकडे मुक्काम करतील. सहावी खुर्ची काकूंच्या घरून आणायची आहे. नाव अजून खाडीतच आहे, भरती लागायची आहे, आणि वल्ह्यावर आणखी एका माणसाला जागा होईल.